पाकीट दिसलं, पुड्या दिसल्या नाहीत

केज तालुक्यातल्या एका आईने विचारलंय. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत, नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लाससाठी लातूरला खोली करून राहतो. सणाला घरी आला तेव्हा धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात सिगारेटचं पाकीट निघालं, आत चार शिल्लक. सॅकच्या तळाशी गोड सुपारीच्या आणि पानमसाल्याच्या रिकाम्या पुड्या. वडिलांनी दोन थपडा ठेवून दिल्या. तेव्हापासून पोरगं घरात कुणाशी धड बोलत नाही. क्लास बंद करून गावी आणावं का, व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं का, आणि न सांगता जेवणात मिसळायची पावडर मिळते म्हणतात ती खरी असते का, असे तीन प्रश्न आहेत. शेवटी जाता जाता एक वाक्य: ‘त्याचे पप्पा तंबाखू खातात, पण सिगारेट त्यांनी कधी ओढली नाही.’

ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. क्लास बंद करू नका. केंद्रात टाकायची ही वेळ नाही. तिथे बहुतेक दारूवाली मोठी माणसं असतात, त्यांच्यात सोळा वर्षांचं लेकरू महिनाभर ठेवलं तर ते काय शिकून येईल याची मलाच धास्ती वाटते. आणि पावडर अजिबात नको. न सांगता भाजीत कालवून तंबाखू सोडवणारं औषध नाहीच. त्या डबीत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय ज्या दिवशी पोराला कळेल, त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं जेवताना ताटाकडे संशयाने बघेल. ते नुकसान सिगारेटपेक्षा मोठं.

आता माझ्या कामाचं. मी दातांचा डॉक्टर आहे, लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात २२ वर्षं लोकांची तोंडं बघतोय. तुमच्या मजकुरात मला पाकिटापेक्षा त्या रिकाम्या पुड्यांनी जास्त अस्वस्थ केलं, आणि तुम्ही मात्र त्यांच्यावर अर्धं वाक्यच लिहिलंय. हे तुमचंच नाही, सगळ्या मराठवाड्याचं आहे. सिगारेट सापडली की घरात सुतक पडतं, पुडी सापडली की ‘एवढं काय, सगळेच खातात.’ सिगारेट ओढणारा म्हणजे वाया गेलेला. तंबाखू मळणारा म्हणजे आपले आबा, बांधावर बसून चुना लावणारे, भजनाला पहिल्या रांगेत असणारे. २०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे ३.८ टक्के लोक ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के लोक खाणारे, लावणारे, चघळणारे. आपला घाबरायचा क्रम नेमका उलटा आहे.

आणि ही सवय अकरावीत लागत नाही. १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांचं २०१९ साली देशभर सर्वेक्षण झालं. न ओढता तंबाखू घेतलेल्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती पहिल्यांदा घेतली तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. दहा वर्षांच्या लेकराच्या हातात पैसे देऊन ‘जा रे, एक पुडी आन’ म्हणणारा कोण असतो, हे मी सांगायला नको.

सुपारीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण दवाखान्यात सगळ्यात जास्त गैरसमज याच जागी भेटतो. ‘डॉक्टर, तंबाखू नाही खात, नुसती गोड सुपारी खातो’ असं मुलं अगदी निरागसपणे सांगतात. सुपारीत अॅरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. ते थोडी तरतरी देतं, म्हणून सवय लागते. पण गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली त्याच्यामुळे चिवट तंतू साठत जातात. मऊ गाल हळूहळू चामड्यासारखा होतो, बोट फिरवलं तर आत ताणलेली दोरी लागते. तोंड उघडायचं कमी होतं. आम्ही याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. लोक म्हणतात ‘तोंड बसलं’. तंबाखू न मिसळताही हे होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालच्या अहवालात नुसत्या सुपारीलाही माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. लग्नात, बारशात, ताटलीत बडीशेपेशेजारी ठेवलेली रंगीत सुपारी लहान मुलं मूठ भरून खातात आणि कुणी अडवत नाही. मला तिथे जेवण गोड लागत नाही, बायको म्हणते की तुम्ही समारंभातही दवाखाना उघडता.

याची सुरुवात ओळखायची खूण अगदी घरगुती आहे. ठेचा खाणारं, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी ओरपणारं पोरगं अचानक ‘तिखट नको, आग होते’ म्हणायला लागतं. दही-भात मागतं. आई म्हणते, शहरात राहून नखरे शिकला. नखरे नसतात, गालाचं अस्तर पातळ आणि पांढुरकं झालेलं असतं. दुसरी खूण पाणीपुरीची: पुरी आख्खी तोंडात जात नाही, फोडून खावी लागते. तिसरी तपासणी घरीच करता येते. त्याने स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधलं आणि त्याच्या शेजारचं, ही तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालायची. तिन्ही आरामात गेली तर ठीक. अडीचवर अडकली तर त्याच आठवड्यात डॉक्टर. दोनच गेली तर उद्या सकाळी.

झालेली तंतूंची दोरी पूर्ण विरघळवणारं औषध आमच्याकडे नाही. तोंड उघडायचे व्यायाम असतात, गालात इंजेक्शनं देतात, फारच बंद झालं तर शस्त्रक्रिया. पण पुडी थांबली की आजार बहुधा तिथेच थांबतो, आणि सोळाव्या वर्षी थांबणं म्हणजे पुढची पन्नास वर्षं वाचणं. पुडी चालूच राहिली तर याच गालांवर काही जणांना पुढे कॅन्सर होतो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या बाकावर बसलेले सगळेच म्हातारे नसतात, एवढंच सांगतो.

इथे माझी एक चूक कबूल करतो. दवाखाना नवा होता तेव्हा एका शेतकऱ्याने नववीतला पोरगा आणला, मावा खायचा. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोळून देतात तो. मी त्याला वडिलांसमोर झाडला, कॅन्सरचे फोटो दाखवले, ‘असा होशील’ म्हणालो. पोरगा मान खाली घालून गेला. सात-आठ वर्षांनी परत आला तेव्हा तोंड दोन बोटं उघडत होतं. म्हणाला, ‘सर, तेव्हाच सोडायचं होतं, पण तुम्ही पप्पांम्होरं बोललात. मग मला दाखवायचं होतं की मी कुणाला भेत नाही.’ ते फोटो मी भिंतीवरून काढून टाकले. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर तसलीच चित्रं असतात आणि मुलं बोटाने ती झाकून सिगारेट काढतात. पंधरा-सोळाव्या वर्षी पन्नाशीतलं मरण खरं वाटत नाही. खरं वाटतं ते तोंडाचा वास, पिवळे दात, धावताना लागणारा दम, आणि खिशातून दररोज जाणारे पैसे. बोलायचं तर त्यावर बोला.

म्हणून त्या दोन थपडांबद्दल. झालं ते झालं, वडिलांनी घाबरून मारलं हे मलाही कळतं. पण आता पुढचं बोलणं मारण्याच्या आसपास नको. आणि आधी माहिती घ्या, मग मत द्या. काय घेतो, किती, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली लागते. हा शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. उठल्यावर अर्ध्या तासात लागत असेल तर शरीर अडकलंय. फक्त संध्याकाळी मित्रांसोबत टपरीवर होत असेल तर अजून सवय टपरीची आहे, निकोटिनची कमी. दोन्हींचा उपाय वेगळा. खरं उत्तर मिळायचं असेल तर तुम्ही विचारा, वडिलांनी नाही, आणि समोरासमोर बसवून नाही. भांडी लावताना, मोटारसायकलवर मागे बसून, शेताकडे चालताना विचारा. नजरेला नजर नसली की लेकरं खरं बोलतात. चोरून लघवीची तपासणी करायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. कळेल सगळं, पण पोरगं हातचं जाईल.

आता सिगारेट. तिला मी सोडून देत नाहीये, वाढीच्या वयात फुप्फुसं आणि मेंदू दोन्हींवर ती बसते. पण लातूरच्या ट्यूशन एरियातली पोरं ती का ओढतात हे समजून घ्या. सकाळपासून क्लास, दुपारी अभ्यासिका, रात्री टेस्ट, घरापासून लांब, आणि दर आठवड्याला गुणांची यादी. त्यात चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतं, एक झुरका मार, डोकं चालतं. आणि खरंच चालल्यासारखं वाटतं! धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. फक्त ते उतरायला लागलं की डोकं जड होतं, चिडचिड होते, पानावरची ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. मग दुसरी. पोराला वाटतं सिगारेटने लक्ष लागलं. प्रत्यक्षात पहिल्या सिगारेटने हिरावलेलं लक्ष दुसरीने थोडा वेळ परत केलं. आपल्याकडे सावकार असंच करायचा. जमीन लिहून घ्यायचा आणि सणाला पोत्याभर ज्वारी पाठवायचा, आणि घरातले म्हणायचे केवढा देवमाणूस. हा हिशेब बायोलॉजीच्या विद्यार्थ्याला आकृती काढून सांगितला की पटकन कळतो. मी प्रिस्क्रिप्शनच्या मागे काढून देतो.

खाण्याच्या तंबाखूत निकोटिन झटपट पोचवायचं काम चुना करतो. चुन्याने तोंडातली आम्लता मारली की निकोटिन गालाच्या अस्तरातून सहज रक्तात शिरतं. म्हणून चुना जास्त पडला की ‘कडक’ लागते. हा बार तासभर गालात राहतो आणि आवाज नाही, धूर नाही, वर्गात, अभ्यासिकेत, बसमध्ये कुठेही चालतो. दिवसभराचं निकोटिन मोजलं तर पुडीवाला पोरगा सिगारेटवाल्याच्या मागे नसतो.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणि हुक्का लातूरपर्यंत आलाय का, असं पालक विचारतात. ई-सिगारेट २०१९ पासून देशात विकायलाच बंदी आहे. तिच्यातही निकोटिनच असतं, एवढं पुरे.

आता वडील. ताई, हे तुम्ही त्यांना वाचून दाखवा किंवा नका दाखवू, पण ‘सिगारेट कधी ओढली नाही’ हे वाक्य पोरासमोर पुन्हा येऊ देऊ नका. त्याने लहानपणापासून पप्पांच्या खिशातली चुन्याची डबी पाहिलीय. त्या माणसाने ‘व्यसन करू नको’ म्हणून हात उचलला की त्याला एकच गोष्ट ऐकू येते, मोठा झालास की खा. मी वडिलांना सांगतो, सोडलीच पाहिजे असं नाही म्हणत, पण पोराजवळ जाऊन एवढं म्हणा: ‘मला पंचवीस वर्षं झाली, सोडता येत नाही, लाज वाटते.’ हे वाक्य बोलायला बाप लोकांना फार जड जातं. बोलले की मात्र घरातली हवा बदलते. जे वडील मुलाबरोबर एकाच दिवशी सोडतात त्यांची पोरं टिकताना मी पाहिलीत, कधी कधी पोरगं टिकतं आणि बाप घसरतो, तेही चालतं.

आज्जी मिसरी लावत असतील तर तीही याच हिशेबात धरा. भाजून काळी केलेली ती तंबाखूच. घरातल्या नाती तिने दात घासायला लागतात, आणि मुलीच्या बाबतीत कुणाला संशयही येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका मला सांगतात, पहाटे तीनला गाडी भरायला उठायचं, पोटात काही नाही, मिसरी लावली की भूक कळत नाही. त्यांना मी काय उपदेश करणार! त्यांचं तोंड तपासतो, गालावर पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर परत या म्हणतो.

सोडायची रीत सांगतो. दिवस ठरवायचा, आणि तो टेस्टच्या आठवड्यातला नको. घरी चार दिवस सुट्टीवर असताना उत्तम, कारण टपरी आणि ते मित्र दोन्ही लांब. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट: चिडेल, झोपणार नाही, सारखं खायला मागेल, अभ्यासात लक्ष नसेल. त्या दिवसांत त्याला टोमणे मारू नका आणि पाहुणे बोलावू नका. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफ येते ती काही मिनिटांची लाट असते, तेवढी काढायची. पाणी प्यायचं, उठून चालायचं, खिशात फुटाणे, शेंगदाणे, लवंग ठेवायची. बाजारचा मुखवास नको, बऱ्याच मुखवासांत सुपारी असते. खोलीवर परतल्यावर क्लासला जायचा रस्ता बदलायचा, चहा दुसऱ्या टपरीवर. मित्रांपुढे ‘सोडली’ म्हणून सांगितलं की ते हात धुऊन मागे लागतात. त्यापेक्षा ‘दाताचं काम चालू आहे, डॉक्टरने सहा महिने तोंडात काही घालू नको म्हटलंय’ असं सांगावं. माझं नाव खुशाल वापरा, निम्म्या लातूरची दातांची कामं अशीच चालू आहेत. आणि एखाद्या दिवशी ओढलीच तर ‘गेलं सगळं’ म्हणायचं नाही. कुठे, कुणासोबत, कशामुळे, एवढं बघायचं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा.

निकोटिनचा गम दुकानात दिसतो म्हणून मुलाला घेऊन देऊ नका. अठराच्या आतल्यांना मुख्य उपचार बोलण्याचा, समुपदेशनाचा. औषध लागलंच तर ते डॉक्टरच्या नजरेखाली. वडिलांसाठी मात्र गम किंवा गोळ्यांचा नीट विचार करता येतो. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीचं समुपदेशन असतं, पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फोन मोफत आहे. पोरांना तो आवडतो, तिथे कुणी ओळखीचं नसतं.

टपरीवाल्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत विकणं, २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. दंड मात्र २०० रुपयांपर्यंत, तो टपरीवाला हसत भरतो. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ वेगळं आहे: लेकराला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. पालकांनी चार जण मिळून हे कलम लिहिलेला अर्ज पोलीस ठाण्यात दिला की टपरी सरकते. गुटखा, पानमसाला यांच्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, सुगंधी सुपारी त्यात नंतर आली, बंदी दरवर्षी वाढवतात. म्हणजे तुमच्या पोराच्या सॅकेतल्या त्या पुड्या मुळात विक्रीलाच असायला नको होत्या. मिळतात कशा, हे मला विचारू नका, मी दातांचा डॉक्टर.

तर आता असं करा. त्याला ‘सिगारेटसाठी डॉक्टरकडे’ असं सांगून आणू नका. ‘दात साफ करून घेऊ, बरेच दिवस झाले’ म्हणा, खोटं नाही ते. माझ्याकडेच या असं नाही. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, तिथेही दातांचा विभाग आहे. केसपेपर दोन काढा. पप्पांनाही घेऊन या, इतकी वर्षं चुना बसलेला गाल डॉक्टरने बघायलाच हवा. खुर्चीत आधी ते बसतील, पोराला शेजारी उभं करा, तीन बोटांची तपासणी त्यालाच करू द्या.